पेपर स्कल्प्चरचं तयार किट: बोन फोल्डर एक नंबर, कागदाने मात्र रडवलं

डिझाइनच्या क्लासमध्ये पेपर फोल्डिंगचं मॉड्यूल सुरू होणार हे कळल्यावर मी एक तयार किट मागवलं, कारण सरांनी दिलेली यादी लांबलचक होती आणि एकेक वस्तू शोधत बसायला वेळ नव्हता. सहा आठवडे रोज वापरलंय, पाच असाइनमेंट्स त्यावर केल्यात, म्हणून आता जरा डिटेलमध्ये लिहिते. नाव लिहीत नाही कारण अशीच किटं बरेच जण बनवतात आणि मला जे खटकलं ते कुठल्याही किटमध्ये असू शकतं, त्यामुळे काय तपासून घ्यायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल.

आत काय होतं ते आधी सांगते. ३० बाय ३० सेंटीमीटरचे रंगीत चौकोनी कागद (एक बाजू रंगीत, दुसरी पांढरी), थोडं जाड कार्ड, बोन फोल्डर (घडी दाबून धारदार करायचं हाडाचं हत्यार), कटर आणि सुटी ब्लेडं, छोटी कटिंग मॅट, स्टीलची पट्टी, पांढरा गोंद, आणि बारा छापील क्रीज पॅटर्न, म्हणजे कुठे वर घडी आणि कुठे आत घडी हे अखंड आणि तुटक रेषांनी दाखवलेले कागद.

निकाल आधीच सांगून टाकते: हत्यारं मस्त, पॅटर्न निम्मे चांगले, आणि कागद... कागदावर मी खरंच चिडलेय. फोल्डिंगच्या किटमध्ये कागदच धड नसेल तर बाकी कितीही चांगलं असून काय करायचं?

पहिली असाइनमेंट दिसायला एकदम सोपी होती. एकच कागद, कापायचं नाही, चिकटवायचं नाही, फक्त घड्या घालून तो स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. सरांनी त्या दिवशी बाउहाउस या जर्मनीतल्या डिझाइन शाळेतल्या जोसेफ आल्बर्सच्या वर्गाची गोष्ट सांगितली. १९२० च्या दशकात तो तिथे सुरुवातीचा कोर्स शिकवायचा. त्याच्या एका विद्यार्थ्याने आठवण लिहून ठेवलीय की आल्बर्स वर्तमानपत्रं घेऊन आला, सगळ्यांना वाटली आणि म्हणाला यातून काहीतरी करा पण कागद वाया घालवू नका. कुणी किल्ला केला, कुणी बोट केली, कुणी प्राणी, आणि त्याला सगळ्यात आवडलं ते एकाचं काम, ज्याने वर्तमानपत्र फक्त उभं दुमडून ठेवलं होतं. आडवा पडणारा मऊ कागद एका घडीने उभा राहिला, बस. मला ही गोष्ट फार आवडली. तोपर्यंत मला वाटायचं की पेपर स्कल्प्चर म्हणजे हंस किंवा फुलं, पण इथे आकार हा कागदाच्या ताकदीतून येतो, नक्कल करण्यातून नाही.

तर मी साधी झिगझॅग करायची ठरवली, पंख्यासारखी, ३२ घड्यांची. पहिल्या कागदाच्या घड्या झकास पडल्या, धारदार, सरळ. त्याच पाकिटातला दुसरा कागद घेतला, तीच पट्टी, तोच फोल्डर, तोच हात, आणि प्रत्येक घडीवर रंगाला तडे, आतला पांढरा कागद दातेरी रेषेसारखा बाहेर दिसायला लागला आणि घडी सरळ जायच्या ऐवजी किंचित वळवळत जायला लागली. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, परत केलं, परत तेच. तिसरा कागद मात्र पुन्हा चांगला. दोन तास यात गेले.

दुसऱ्या दिवशी मॅमना दाखवलं तर त्यांनी कागद हातात घेऊन नुसता वाकवला आणि म्हणाल्या, ग्रेन बघ. म्हणजे असं की कागद मशीनवर बनतो तेव्हा त्यातले बरेचसे तंतू मशीन ज्या दिशेने चालते त्या दिशेने रांगेत लागतात. त्या दिशेला समांतर घडी घातली की ती तंतूंच्या मधून जाते आणि स्वच्छ पडते, आडवी घातली की तंतू मोडावे लागतात म्हणून कडा फुटते. कळायला सोपं आहे: कागद न मोडता हलकेच गोल वाकवायचा, आधी एका बाजूने मग दुसऱ्या, ज्या बाजूने तो कमी विरोध करतो त्या वाकाची रेषा म्हणजे ग्रेन. तरी शंका वाटली तर कोपऱ्यातून एक तुकडा फाडून बघायचा, ग्रेनच्या दिशेने फाटतो तो बऱ्यापैकी सरळ जातो, उलट दिशेने वाकडातिकडा जातो.

आता किटचा प्रॉब्लेम काय, तर पाकिटातले काही कागद एका दिशेचे होते आणि काही दुसऱ्या. आणि कागद चौकोनी! आयताकृती कागदावर निदान एकदा बघितलं की लांब बाजू लक्षात ठेवता येते, चौकोनावर काहीच खूण नाही, ना बाण, ना पाकिटावर एक ओळ. ज्याला हे माहीत नाही तो नवा मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या हाताला दोष देत बसणार, आणि हे किट नवशिक्यांसाठीच आहे असं वर लिहिलेलं आहे. हे मला सगळ्यात जास्त लागलं. रंग निवडायला मेहनत घेतलीय हे दिसतं, बारा छटा आहेत आणि खरंच सुंदर आहेत, पण कागद एका दिशेने कापून भरायला फार काही लागत नाही.

दुसरी तक्रार, सगळे चौकोन चौकोन नव्हते. कर्णावर दुमडून बघा, दोन कोपरे एकमेकांवर नीट बसले पाहिजेत. माझ्याकडचे काही एक-दीड मिलिमीटर सरकलेले होते. एका घडीत ते दिसणारही नाही, पण १६ बाय १६ चं ग्रिड घातलं की शेवटच्या ओळीत सगळं तिरपं. आणि इथे ग्रिडबद्दल एक सांगते कारण मी स्वतः आधी चुकीचं करत होते: पट्टीने १ सेंटीमीटर मोजा, खूण करा, त्या खुणेपासून परत १ सेंटीमीटर मोजा, असं करू नका. दर वेळी अर्धा मिलिमीटर चुकला तरी ३२ घड्यांनंतर १६ मिलिमीटरचा घोळ होतो. एकतर सगळ्या खुणा एकाच टोकापासून मोजा, नाहीतर न मोजता अर्ध्यावर अर्धा दुमडत जा, २, ४, ८, १६, ३२, यात चूक साठत नाही.

जाडीबद्दल पाकिटावर १२० जीएसएम लिहिलंय आणि हाताला तेवढाच वाटतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. एफोर कागद हा एक चौरस मीटरच्या ए झिरो कागदाचा सोळावा भाग असतो म्हणून प्रिंटरचा ८० जीएसएमचा एक एफोर साधारण ५ ग्रॅम भरतो, हे एकदा डोक्यात बसलं की हातात धरूनच अंदाज यायला लागतो. माझा अनुभव असा की ८० वर सराव करायचा, फायनलला १२० ते १६० घ्यायचा. बारीक टेसलेशन असेल, म्हणजे तोच तोच घडीचा नमुना पूर्ण कागदभर, तर १२० च्या वर जाऊ नका, कारण एकेका बिंदूवर इतके पदर येतात की जाड कागद बंदच होत नाही. २०० च्या पुढे मोजक्या, मोठ्या घड्यांसाठी. किटमधलं जाड कार्ड मी दोनदाच वापरलं, ठीक आहे, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

आता बोन फोल्डर! खऱ्या हाडाचा आहे, एक टोक गोल, एक टोकदार, हातात धरल्यावर थंड आणि गुळगुळीत, आणि इतका छान घासलेला की कागदावर फिरवताना कुठेच अडकत नाही. पहिल्या दिवशी मी नखाने घड्या दाबत होते, बोटं लाल झाली होती, आणि घडी तरी गोलसरच राहायची. फोल्डरने एकदा फिरवलं की घडी सुरीच्या पात्यासारखी. माझ्या बाजूला बसणाऱ्या मैत्रिणीकडे प्लॅस्टिकचा होता, तिने माझा दोन दिवस वापरला आणि मग स्वतःसाठी हाडाचा मागवला. एकच काळजी घ्यावी लागते, गडद रंगाच्या कागदावर थेट जोरात घासला तर चकाकणारा पट्टा उमटतो जो नंतर जात नाही. वर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ठेवा आणि त्यावरून घासा. टेफ्लॉनचेही फोल्डर मिळतात, त्याने चमक येत नाही म्हणतात, मी वापरलेला नाही.

टोकदार बाजूने स्कोअरिंग पण होतं, म्हणजे घडी घालायच्या आधी पट्टी लावून रेषा दाबून घ्यायची. कागद जरा मऊ पृष्ठभागावर ठेवून दाबला की वरच्या बाजूला चर पडते आणि खालच्या बाजूला बारीक उंचवटा येतो. घडी घालताना तो उंचवटा आतल्या बाजूला गेला पाहिजे, चर बाहेर. मला उलट वाटायचं, मी चरीत दुमडायचे, कारण तसंच सहज वाटतं, आणि जाड कार्डाची कडा फाटायची. हे कळल्यावर एक गोष्ट ओघाने येते, की वर घड्या एका बाजूने आणि आत घड्या दुसऱ्या बाजूने स्कोअर करायच्या, म्हणजे मध्ये कागद उलटायचा, म्हणजे रेषा दोन्ही बाजूंना जुळल्या पाहिजेत. मी कोपऱ्यांवर आणि रेषांच्या टोकांवर सुईने अगदी बारीक भोकं पाडते आणि उलट्या बाजूने तीच भोकं जोडते. पेन्सिलच्या रेषा खोडायची भानगड नाही आणि पांढऱ्या कागदावर डागही नाहीत. बारीक रेषांसाठी मात्र शाई संपलेला बॉलपेन फोल्डरपेक्षा बरा, फोल्डरचं टोक जाडच पडतं.

कटर चांगला, ३० अंशाचं टोक आहे, बारीक कामाला नेहमीच्या रुंद टोकापेक्षा जास्त दिसतं कुठे कापतोय ते. तुकडे मोडत नवं टोक काढायची ही कल्पना जपानमध्ये योशिओ ओकादाने १९५६ मध्ये आणली, काचेच्या तुटक्या कडा आणि चॉकलेटच्या वड्या बघून त्याला ते सुचलं असं सांगतात. सुचलं ते सुचलं पण लोक टोक मोडायला कंटाळतात! बोथट टोकाने कागद कापला जात नाही, ओढला जातो. मी प्रत्येक मोठ्या कामाच्या आधी एक तुकडा मोडते. आणि प्लीज, कटरने अर्धं कापून घडी घालू नका, काही जण तसं शिकवतात. घडी सुंदर दिसते पण अर्धी जाडी गेलेली असते, चारदा उघडमीट केली की तिथूनच कागद सुटतो. मॅट लहान आहे, ३० सेंटीमीटरचा कागद तिच्यावर पूर्ण मावत नाही, हे कसं कुणाच्या लक्षात आलं नाही कळत नाही.

पॅटर्नबद्दल जरा जास्त लिहिते कारण मजा खरी तिथे आहे. बारापैकी मिउरा फोल्ड सगळ्यात छान छापलेला. हा कोर्यो मिउरा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडला, अंतराळात न्यायच्या मोठ्या सपाट गोष्टी लहान घडीत बसाव्यात म्हणून, आणि १९९५ मध्ये स्पेस फ्लायर युनिट या जपानी यानावर तसा दुमडलेला सोलर पॅनल खरंच वर गेला. सगळे तुकडे तिरपे समांतरभुज चौकोन असतात. दोन समोरासमोरचे कोपरे धरून ओढलं की सगळा कागद एकदम उघडतो, ढकललं की एकदम मिटतो, लांबी रुंदी दोन्ही बरोबर वाढतात आणि बरोबर कमी होतात. पहिल्यांदा तो माझ्या हातात मिटला तेव्हा मी तो किती वेळा उघडला आणि मिटला असेल मला आठवत नाही. आईला बोलावून दाखवला, तिनेही अर्धा तास सोडला नाही.

पण हाच पॅटर्न मोठ्या आकारात दुसऱ्या एका कागदावर होता आणि त्यात छपाईची चूक. एका ठिकाणी घड्या बसेचनात, मी तासभर झटले. मग क्लासमध्ये शिकवलेलं आठवलं, माएकावाचा नियम: कागद सपाट मिटायचा असेल तर कुठल्याही आतल्या बिंदूवर वर घड्या आणि आत घड्या यांच्या संख्येत बरोबर दोनचा फरक हवा. मिउरात प्रत्येक बिंदूवर चार रेषा येतात, म्हणजे तीन एका जातीच्या आणि एक उलट. मी एकेक बिंदू मोजत गेले आणि सापडला, दोन आणि दोन! एक तुटक रेषा अखंड छापली गेली होती. ती बदलल्यावर कागद मिनिटभरात मिटला. त्या दिवसापासून कुठलाही पॅटर्न हातात आला की घडी घालायच्या आधी मी दोन-चार बिंदू मोजून बघते. तुम्हीही बघा. आणखी एक, रेषा रंगीत बाजूवर छापल्यात आणि जाड आहेत, त्यामुळे हे कागद फक्त सरावाचे, सबमिशनला देण्यासारखे नाहीत. पांढऱ्या बाजूवर फिकट छापल्या असत्या तर तेच कागद फायनलला चालले असते.

एकात एक चौकोन आणि दोन कर्ण असलेला पॅटर्न पण आहे, ज्यात चौकोन आलटून पालटून वर-आत दुमडले की कागद आपोआप घोड्याच्या खोगिरासारखा वळतो. बाउहाउसमध्ये हा तेव्हाच करत होते. गंमत अशी की २००९ मध्ये एरिक डेमेन, त्याचे वडील मार्टिन डेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की कागद अजिबात ताणला जात नाही असं धरलं तर फक्त तेवढ्या घड्यांनी हा आकार बनूच शकत नाही. मग आपल्या हातात बनतो तो कसा? कागद मधल्या भागांत डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक घड्या घेत असावा किंवा थोडा ताणला जात असावा. हे वाचल्यावर मी माझा तुकडा दिव्याजवळ तिरपा धरून खूप वेळ बघितला. सूचनापत्रकात मात्र "मजेदार आकार" एवढंच लिहिलंय. इतकी सुंदर गोष्ट आहे, दोन ओळी तरी लिहायच्या होत्या!

गोल घड्यांसाठी किटमध्ये काहीच नाही. माझी शेवटची असाइनमेंट वक्र घड्यांची होती, डेव्हिड हफमनने, तोच हफमन कोडिंगवाला (कॉम्प्युटरमधला डेटा लहान करायची पद्धत), या प्रकारावर खूप काम केलंय. सरळ घडीत कागद दोन्ही बाजूंना सपाट राहू शकतो, वक्र घडीत दोन्ही बाजूंना वळावंच लागतं, म्हणून एका गोल रेषेने कागद जिवंत झाल्यासारखा फुगतो. मी कंपासला संपलेला बॉलपेन लावून एकात एक वर्तुळं स्कोअर केली, मधलं गोल कापून काढलं, आणि बाहेरून आत एकेक कडी सगळीकडून थोडी थोडी चिमटत आणली. इथे घाई केली की संपलंच, एका जागी पूर्ण दुमडलं की तिथे कागद मोडतो आणि ती मोड आयुष्यभर दिसते. तीन कागद गेले. चौथा बसला आणि टेबलावर ठेवल्यावर स्वतःच वळून उभा राहिला. मी हात लावायला पण घाबरत होते.

गोंदाबद्दल एवढंच, त्यात पाणी असतं त्यामुळे पातळ कागद लाटांसारखा होतो, मी तो बाजूला ठेवला आणि गरज पडली तिथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरली. पाण्यावरून आठवलं, हवा दमट असेल तर मॉडेल रात्रभरात हळूहळू उघडतं, सबमिशनच्या सकाळी माझी झिगझॅग जवळजवळ दुप्पट पसरली होती. आता मी काम झालं की मिटवून वर जाड वही ठेवते आणि सादर करायच्या आधीच उघडते. फोटो काढताना समोरून फ्लॅश मारू नका, सगळ्या घड्या सपाट दिसतात, एका बाजूने तिरपा उजेड द्या, पांढऱ्या कागदावर सावल्यांच्या इतक्या छटा दिसतात की रंगाची गरजच वाटत नाही.

आता घ्यावं का? तुमच्याकडे काहीच नसेल आणि कोर्स उद्या सुरू होत असेल तर घ्या, पण कागद हा सरावाचा आहे असंच धरून चला. एक-दोन दिवस हातात असतील तर बोन फोल्डर, ३० अंशाचा कटर आणि स्टीलची पट्टी सुटी घ्या, आणि कागद मोठ्या शीटमध्ये घेऊन ग्रेन बघून स्वतः कापा. विकणाऱ्याला ग्रेन कुठल्या दिशेने आहे विचारा, सांगता आलं नाही तर तिथेच कागद वाकवून बघा. माझे पाचपैकी तीन स्टार, आणि त्यातले दोन एकट्या बोन फोल्डरचे.

मी कंपनीला कळवलंय दोन्ही गोष्टी, ग्रेनची आणि त्या चुकीच्या रेषेची, पॅटर्नचा फोटो काढून त्या बिंदूभोवती गोल करून पाठवलाय. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन. तोपर्यंत माझ्याकडचे उरलेले १४ कागद मी काल एकेक वाकवून तपासले आणि प्रत्येकाच्या पांढऱ्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलने छोटा बाण काढून ठेवलाय, आठ एकीकडचे निघाले, सहा दुसरीकडचे.